भाद्रपदाची चौकट

२०११ सालच्या जुलैची दोन तारीख होती, शनिवार. दुपारची जेवणं झाली होती आणि हे आतल्या खोलीत आडवे झाले होते. मी टेबलाशी बसून संगणक चालू केला, तर पडद्याच्या मधोमध एक निळी चौकट उमटली. एवढीशी, पोस्टकार्डाएवढी. तिच्या चारी बाजूंना काळं.

एरवी पडदा भरून निळं असायचं.

मी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. चौकट तेवढीच. मग खिडकीबाहेर पाहिलं. समोर नलावड्यांच्या गच्चीवर कपडे वाळत होते, ते मोजले. सात. नजर न हलवता कठड्याची दोन्ही टोकं दिसतात का ते पाहिलं. दिसत होती. तरी पुन्हा एकदा पाहिलं.

माझी आई बासष्टाव्या वर्षी आंधळी झाली. ती वैरागला माझ्या भावाकडे असायची. आधी तिला बाजूने आलेलं माणूस दिसेना, मग दाराच्या चौकटी लागायला लागल्या. मी भेटायला गेले की म्हणायची, "खिडकी लहान होत चाललीय गं." दर खेपेला तेच. एका खेपेला काहीच म्हणाली नाही, तेव्हा मी समजले की खिडकी बंद झाली. पुढची चार वर्षं तिला सोप्याच्या कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. हात धरल्याशिवाय उठायचं नाही, अशी तिला तंबी होती. तिची आईही तशीच गेली म्हणतात.

त्या जुलैत मी चौसष्ट वर्षांची होते.

आई गेली १९८४ साली. एस.टी.ने बार्शीला परतताना हे म्हणाले होते, "तुझ्यावर वेळ आली तर तुला कोपऱ्यात बसू देणार नाही. मी वाचून दाखवीन. हात धरून हिंडवीन." हे विज्ञान शिकवायचे. बोलायचे ते मोजून. त्या वाक्यावर मी सत्तावीस वर्षं काढली होती.

दर वर्षी आम्ही सोलापूरला जाऊन माझे डोळे तपासून घ्यायचो. वेळेत कळलं तर थेंब घालून नजर राखता येते, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी आत, हे बाहेर बाकावर, माझी पिशवी मांडीवर धरून. एकदा बाई यांना म्हणाल्या, "सर, आलात तसे तुमचेही पाहून घेऊ का?"

हे हसले. "आमच्या घराण्यात नव्वदीपर्यंत सुईत दोरा ओवतात बाई. तुम्ही हिचे बघा."

आता त्या संगणकाचं. १९८६ साली आमच्या शाळेत दोन संगणक आले. सगळ्या शिक्षकांत आम्ही दोघंच शिकायला तयार झालो, हे विज्ञानाचे आणि मी गणिताची. पुण्याला तीन आठवडे शिकून आलो आणि सुट्टीत बसून मुलांसाठी एक खेळ लिहिला. वरून आकडे पडतात, ते खाली पोचायच्या आत बेरीज करून उत्तर दाबायचं. तो खेळ आम्ही कॅसेटवर ठेवला होता. ती यंत्रं पुढे भंगारात गेली, कॅसेट मात्र आमच्या ट्रंकेत राहिली.

२०१० च्या दिवाळीत माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पल्लवी पुण्याहून आली. ती संगणकातच नोकरी करायची. आमच्या नव्या संगणकात तिने एक प्रोग्रॅम घालून दिला. जुन्या संगणकाचं सोंग घेतो तो, हुबेहूब. कॅसेटवरचा खेळही त्यात उतरवून दिला.

"हे बघ मावशी, काकांना हिरवी अक्षरं आवडतात, तुला मोठी पांढरी. म्हणून दोन प्रोफाइल करून ठेवलेत. एक काका, एक मावशी."

"प्रोफाइल म्हणजे?"

"मांडणी गं. रंग कुठला, काठ किती जाड, आवाज केवढा. आपल्याला हवं तसं लावायचं, नाव द्यायचं, सेव्ह दाबायचं. नंतर लोड केलं की तसंच्या तसं पुढ्यात."

"आणि मी त्यात लिहिलेलं असेल ते?"

"ते नाही राहत. प्रोफाइलमध्ये फक्त मांडणी."

हे मागे उभे होते. म्हणाले, "म्हणजे पंगतीला पानं मांडून ठेवली, जेवण नाही."

"काका, हे मी ऑफिसात सांगणार आहे!" पल्लवी हसत म्हणाली.

तिने सांगितलेलं सगळं मी वहीत उतरून घेतलं. शेवटी जे प्रोफाइल वापरलं असेल तेच पुढच्या वेळी आपोआप उघडतं, हेही लिहिलं. तेव्हापासून मी रोज दुपारी दहा डाव खेळायची. आकडे पडद्याच्या दोन्ही कडांनाही पडतात. कडेचे किती चुकले ते मी वहीत लिहून ठेवायची. करमणूक म्हणून खेळते असं सांगायची. खरं म्हणजे मी माझी खिडकी मोजत होते.

तर त्या शनिवारी मी वही काढली आणि 'मावशी' परत आणण्यासाठी लोडची यादी उघडली. यादीत दोन नावं असायला हवी होती. पाच होती. काका, मावशी, आणि खाली इंग्रजी अक्षरांत चैत्र, वैशाख, ज्येष्ठ.

मी चैत्र उघडलं. पडद्यावर वहीच्या पानाएवढी चौकट आली. वैशाख उघडलं, ती आणखी आवळली. ज्येष्ठ म्हणजे ते पोस्टकार्ड. तिन्ही रिकामी, मधे नुसता कर्सर लुकलुकत होता.

खिडकी लहान होत चाललीय गं.

आदल्या दिवशी ज्येष्ठाची अमावास्या होती.

हे उठल्यावर चहा देताना मी विचारलं, "अहो, संगणकात तुम्ही काही केलंत का?"

"मी? दिवाळीनंतर दोनदा बसलो असेन."

"चैत्र, वैशाख असं काही लिहिलंत?"

"पंचांग तू बघतेस. मी नाही." हे कपात बघत साखर ढवळत होते.

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि हे कधी खोटं बोलले नव्हते. मी पल्लवीला फोन लावला.

"आपोआप कसं होईल मावशी? कुणीतरी नाव टाइप करून सेव्ह दाबावं लागतं. तुझ्याकडूनच चुकून झालं असेल."

"चुकून मी चैत्र लिहीन? आणि वैशाख?"

"काकांना विचार मग."

"विचारलं. ते नाही म्हणतात."

"मग भूत असेल, मराठी माध्यमातलं," असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

जुलै संपता संपता दिव्यांची अवस आली. मी समया, निरांजनं घासून पाटावर मांडली, ओवाळली. त्या दिवशी मी संगणकाच्या खोलीत अधूनमधून डोकावत होते. मधे तासभर तेवढी नलावडे वहिनींकडे पुरणाचे दिवे द्यायला गेले. दुसऱ्या दिवशी यादी उघडली, तर आषाढ आलेलं. चौकट पत्त्याच्या पानाएवढी.

आता मला एकच गोष्ट कळत होती. जे कुणी हा प्रकार करत होतं, त्याला आईचं ते वाक्य ठाऊक होतं. भाऊ केव्हाच वारला होता. घरात ते वाक्य मी आणि हे, एवढ्या दोघांनाच माहीत. यांनी नाही म्हटलं होतं. मग उरले मी. मी झोपेत उठून करते आहे का, असंही मनात आलं. आणि एक विचार असा आला की तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. आई मला सांगतेय. डॉक्टरांच्या यंत्राला दिसायच्या आधी सांगतेय.

मी यांना न सांगता सोलापूरला गेले. मैत्रिणीच्या नातीचं बारसं आहे म्हणाले. डोळ्यांसाठी एकटी गेले ती तेवढीच खेप. बाईंनी तासभर तपासलं. एका यंत्रात मान घालून बारीक ठिणग्या दिसल्या की बटण दाबायचं, तेही केलं.

"डोळे स्वच्छ आहेत. दाब नेहमीएवढाच आहे. उगाच घाबरून आलात, अजून चार महिने होते की. सर नाही आले आज?"

"त्यांना काम होतं," मी म्हणाले.

घरी येताना मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरी ती चौकट होतीच, आणि श्रावण यायचा होता.

त्या दिवसांत मी स्वतःवर इतकी नजर ठेवून होते की विचारू नका. जिना उतरताना पायऱ्या मोजायची. रस्त्यात डावीकडून येणारी सायकल किती लवकर दिसते ते बघायची. दुसरीकडे माझं लक्षच नव्हतं. नलावडे वहिनी एकदा दारात म्हणाल्या, "सरांना आमची ओळख पुसली वाटतं! दोनदा नमस्कार केला मी बाजारात. शेजारून गेले, पाहिलंसुद्धा नाही."

"शाळा सुटली तरी डोक्यात प्रयोग चालू असतात त्यांच्या," मी म्हणाले आणि विसरून गेले.

स्कूटर तर यांनी फाल्गुनातच विकून टाकली होती. पायी चाललेलं प्रकृतीला बरं, म्हणून.

आणि चटणी. जेवायला वाढलं की ताटाच्या डाव्या बाजूचं सगळं तसंच राहायला लागलं. कोशिंबीर, लिंबू, शेंगदाण्याची चटणी. यांची आवडती चटणी, मी उखळात कुटलेली.

"चटणीने काय घोडं मारलं तुमचं?"

"कुठली चटणी?"

"ही काय, डावीकडे वाढलीय ती."

यांनी सबंध मान वळवली, ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ती होय. शेवटाला ठेवली होती." मग भाकरी संपलेली असताना नुसती चटणी बोटाने चाटून खाल्ली. मला राग आला. इतक्या निगुतीने करावं आणि यांनी असं खावं.

श्रावण आला. आगपेटीएवढी चौकट.

भाद्रपदातली अमावास्या सर्वपित्रीची. त्या वर्षी सत्तावीस सप्टेंबरला आली, मंगळवारी. भाऊ गेल्यापासून माझ्या आईचं पानही आमच्याकडेच ठेवत असू. पहाटेपासून मी खीर, वडे, आमसुलाची चटणी, कढी असा स्वयंपाक केला. बारा वाजता आम्ही गच्चीवर पान ठेवलं. कावळे होते. एक पाण्याच्या टाकीवर बसला होता, दोन कठड्यावर. पानाकडे बघत होते आणि येत नव्हते.

पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"मी जरा खाली जाऊन आलो," हे म्हणाले आणि कठड्याला हात लावत लावत जिन्याकडे गेले.

मी एकटी उभी राहिले. ऊन चढलं होतं. टाकीवरचा कावळा मान तिरकी करून माझ्याकडे बघत होता. मी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "आई, माझी पाळी आलीय हे कळलं मला. आणखी काय राहिलंय?"

कावळा हलला नाही.

जावयाने हात जोडले नाहीत म्हणून असेल, असं वाटून मी यांना बोलवायला खाली उतरले. हाक मारली नाही. का मारली नाही ते आजही सांगता येत नाही.

संगणकाच्या खोलीचं दार उघडं होतं. हे टेबलाशी बसले होते. पडद्यावर आगपेटीएवढी ती श्रावणातली चौकट होती. यांनी उजव्या डोळ्यावर तळहात गच्च दाबून धरला होता, आणि डाव्या हाताने एक कळ दाबत होते. दर दाबासरशी काळा काठ थोडा जाड होत होता. चौकट आत आत जात होती.

मी आत गेले. त्यांच्या डाव्या बाजूला, दोन हातांवर उभी राहिले. त्यांचा उघडा डोळा त्याच बाजूचा.

त्यांनी पाहिलं नाही.

मी हात वर केला. बांगड्या वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने धरल्या, आणि हात हलवला. एकदा, दोनदा. त्यांच्या कानाजवळ नेला. डोळ्याची पापणीही हलली नाही. ते समोर बघत होते, जणू खोलीत कुणी नव्हतंच.

कर्सरच्या जागी आज चार अक्षरं होती. माझं नाव, इंग्रजीत. हेमा.

"हां," ते स्वतःशी म्हणाले. "आता काठ दिसतोय."

चौकट टपालाच्या तिकिटाएवढी झाली होती. त्यांनी नाव टाइप केलं, भाद्रपद. सेव्ह दाबलं. डोळ्यावरचा हात काढला, दोन्ही डोळ्यांनी क्षणभर समोर पाहिलं, उठले, वळले, आणि सरळ माझ्या अंगावर आले.

धक्का लागल्यावर दचकून मागे सरले.

"कोण?" त्यांनी विचारलं.

माझ्या घरात, भर दुपारी, मला.

"मी आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवून मला शोधलं. चटणी शोधली होती तशीच. मग खुर्चीत बसले. मी पलंगाच्या कडेवर बसले.

"किती दिवस?" मी विचारलं.

"माघात लक्षात आलं. स्कूटरवर असताना डावीकडची एक म्हैस दिसली नाही."

"आणि हे काय आहे?"

"मोजमाप." त्यांचा वर्गातला आवाज लागला. "एक डोळा झाकायचा. मधल्या अक्षरावर नजर ठेवायची, हलवायची नाही. मग काठ जाड करत आणायचा. चौकटीच्या चारी कडा दिसायला लागल्या की थांबायचं, ठेवून द्यायचं. पुढच्या महिन्यात तीच चौकट उघडायची. कडा दिसतात का बघायचं. झालं की तुझं 'मावशी' परत लावून ठेवायचं, ते ज्येष्ठात राहून गेलं."

"अमावास्येलाच का?"

"कॅलेंडरावर काळा ठिपका मोठा असतो. तेवढा दिसतो." मग म्हणाले, "आणि त्या दिवशी तू काही ना काही कामात असतेस."

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"हो."

"मी काय काय समजत होते ठाऊक आहे? आई मला बोलावतेय असं समजत होते! माझे डोळे चाललेत असं समजत होते!"

"तुझे ठीक आहेत," ते म्हणाले. "बारसं नव्हतं, कळलं होतं मला. तू परत आलीस आणि बाई काय म्हणाल्या हे तुझ्या पाऊल टाकण्यावरून ओळखलं. बरं वाटलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

बाहेर कावळा ओरडला.

"दर वर्षी तू तपासून बाहेर येतेस, तेव्हा मी तुझा चेहरा बघतो. त्या एका चेहऱ्यासाठी तू वर्षभर जीव मुठीत धरून बसतेस. मी वाचून दाखवीन म्हणालो होतो. हात धरीन म्हणालो होतो." त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. "आता कोण कुणाला हिंडवणार? म्हटलं, जाईल तेवढं जाऊ दे. तुझ्या वाट्याचं माझ्याकडे आलं असेल तर बरंच झालं. कोपऱ्यात बसायला मला काही वाटत नाही."

मला रडू यायला हवं होतं. पण आला तो संताप, आणि तोही असा की माझा आवाज नलावड्यांपर्यंत गेला असेल.

"मुलांना काय शिकवलंत आयुष्यभर? निरीक्षण लिहा, निष्कर्ष लिहा. सहा महिने निरीक्षणं लिहिलीत. निष्कर्ष कुठाय तुमचा?"

"अगं..."

"दर वर्षी माझी पिशवी मांडीवर घेऊन बसलात. एकदा, एकदा आत यायचं होतं. बाई स्वतः म्हणाल्या होत्या! काय तर म्हणे आमच्या घराण्यात दोरा ओवतात!"

"हेमा, हळू."

"उठा. अडीचची गाडी आहे."

"आज? आज अमावास्या आहे."

"अमावास्येला मोजमाप चालतं, डॉक्टर चालत नाही होय? चला म्हणते ना!"

स्वयंपाक झाकलासुद्धा नाही. एस.टी.त मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले. वैरागवरून गाडी गेली, तेव्हा ते म्हणाले, "चिडलीस?" मी म्हणाले, "हो." पण माढ्याचा फाटा येईपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता.

दवाखान्यात हे आत गेले आणि मी बाहेर बाकावर बसले, त्यांची टोपी मांडीवर धरून. त्या बाकावर बसल्यावर समोर फक्त ते बंद दार दिसतं. इतकी वर्षं यांनी काय पाहिलं ते मला तेव्हा कळलं.

काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. दाब फार चढला होता. एरवी इतक्या झपाट्याने होत नाही, असं बाई म्हणाल्या. गेलेलं परत येणार नव्हतं. डावा डोळा जवळजवळ संपलाच होता. उजव्यातलं जे आहे ते राखता येईल, पण आणखी दोन-तीन महिन्यांनी आला असतात तर मी काही करू शकले नसते, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. यांनी तोवर खिशातून कागद काढून त्यांच्या टेबलावर ठेवला होता. चैत्रापासूनची चौकटींची मापं, मिलिमीटरमध्ये. बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि तोच फायलीला लावून टाकला.

घरी आलो तेव्हा रात्र झाली होती. मी आधी बॅटरी घेऊन गच्चीवर गेले. पान स्वच्छ होतं. खिरीचा डागसुद्धा राहिला नव्हता. मांजर येऊन गेलं असेल. कावळेही असतील. मी पान उचललं आणि खाली आले.

त्यानंतर यांचं शस्त्रक्रियेसाठी एकदा पुण्याला जाणं झालं. मग रोजचे थेंब, सकाळी दोन आणि रात्री दोन, तेही मीच घालायची. डावी खिडकी त्याच वर्षी मार्गशीर्षात बंद झाली. उजवी राहिली. ताटातलं डावीकडचं सगळं मी उजवीकडे वाढायला लागले. एकदा पल्लवीची सासू जेवायला आली होती, म्हणाली, "तुमच्याकडे पान उलटं वाढतात वाटतं?" हे म्हणाले, "आमच्याकडे चटणीला मान आहे."

मोजमाप आम्ही सोडलं नाही. दर अमावास्येला हे उजव्या डोळ्याने बघायचे आणि काठाची कळ मी दाबायची. "थांब," म्हणाले की थांबायची. महिन्याच्या नावापुढे साल घालून सेव्ह करायची. अशा नव्वद चौकटी झाल्या. पहिल्या दोन-चार सोडल्या तर सगळ्या एकाच मापाच्या, पोस्टकार्डाएवढ्या. तेवढ्या खिडकीतून यांनी रोजचं वर्तमानपत्र वाचलं, मला वाचून दाखवलं, मी स्वतः वाचू शकत असूनही. कोपऱ्यात कुणी बसलं नाही.

पल्लवीला मी त्या सर्वपित्रीच्या आठवड्यातच हाताला धरून तपासायला नेलं. माझ्या आईचं रक्त तिच्यातही होतं. चौतिसाव्या वर्षी तिच्या डोळ्यांत दाब निघाला. अगदी सुरुवातीचा. ती रोज थेंब घालते आणि आजही गाडी स्वतः चालवते. भुताची थट्टा तिने पुन्हा केली नाही. सोलापूरच्या डॉक्टरीणबाई निवृत्त होऊन मुलीकडे गेल्या. त्यांच्या दवाखान्यात रुग्णाबरोबर आलेल्या माणसालाही आत बोलावतात, बाकावर बसू देत नाहीत. ते त्या वर्षापासून सुरू झालं, असं तिथली नर्स मला म्हणाली. नलावडे वहिनी मुलाकडे राहायला गेल्या. जाईपर्यंत त्या यांना लांबूनच मोठ्याने हाक मारायच्या आणि मग नमस्कार करायच्या.

हे २०१९ च्या जानेवारीत गेले, हृदयाने. आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. माझे डोळे चांगले आहेत.

हे गेले त्यानंतर आलेली पौषातली अमावास्या मला आठवते. मी संगणक चालू केला, यादी उघडली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. मग नवीन प्रोफाइल केलं. उजवा डोळा तळहाताने झाकला, नजर मधे ठेवली. चारी कडा दिसत होत्या, म्हणून काठाच्या कळेला हातच लावला नाही. पडदाभर निळं ठेवलं. मधे नजर ठेवायला काहीतरी लागतंच, म्हणून त्यांचं नाव लिहिलं. चाळीस वर्षांवर संसार झाला, पण ते नाव मी उच्चारलं कधी नव्हतं. इंग्रजीत लिहिलं, विश्वनाथ. आणि सेव्ह दाबलं.

प्रोफाइलमध्ये मांडणी राहते, लिहिलेलं राहत नाही, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं. चारी कडांपर्यंत स्वच्छ निळं होतं, आणि मधोमध कर्सर लुकलुकत होता.